चार हीटर आणि एक उतार

गाडीने सातव्यांदा नुसतीच घरघर केली तेव्हा सुनेने बॉनेट उघडलं आणि सासऱ्यांचा चेहरा पडला. उद्या सकाळी सासूबाई बहिणीकडून परत येणार होत्या. "स्टेशनवर वेळेत आलात तर हा डबा राहील, नाहीतर भंगारात," असं बजावूनच त्या गेल्या होत्या.

"बाबा, हीटर गेलेत." थंड डिझेल इंजिनाला पेटताना ऊब देणारे बोटभर लांबीचे चार ग्लो प्लग, त्यांच्यावाचून गाडी ढिम्म! सुनेने नवे आणूनच ठेवले होते. पाना लावण्याआधी तिने मेकॅनिकला फोन केला.

"थंड इंजिनातून काढू नका हं ताई, आतच तुटतील. आधी गाडी फिरवून तापवा."

"अहो, चालू होत नाही म्हणून तर बदलतेय!"

"ते खरंय. पण तापवा."

"उतार! ढकलून चालू करू!" सासरे ओरडलेच. सून स्टिअरिंगवर, सासरे मागे. समोरचे हेडमास्तर धावत आले, पेपरवालाही सायकल टाकून आला. "लावा जोर!" गाडी सुटली, सुनेने क्लच सोडला, काळा धूर उठला आणि इंजिन धडधडलं!

"थांबू नकोस! बंद पडेल!" एका पायात चप्पल घालून सासरे मागे धावत होते. सुनेने वस्तीला पाच चकरा मारल्या. दर चकरेला कोपऱ्यावर टाळ्या पडत होत्या.

मग फाटकाशी गाडी लावून तिने कामाला हात घातला. तीन प्लग सहज निघाले. चौथा अडला. सासरे इंजिनावर ओणवले. "हळू गं, हळू!" निघाला! नवे बसले, किल्ली फिरली, गाडी एका दमात चालू!

"पण इंजिन गरमच आहे," हेडमास्तर म्हणाले. "आत्ता ती जुन्या प्लगांवरही चालू झाली असती."

खरं काय ते सकाळी, इंजिन गार झाल्यावरच कळणार होतं. सासऱ्यांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यांनी स्वतःच किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला आणि थंडगार इंजिन पहिल्याच झटक्याला गुरगुरलं. दोघं आनंदाने इतकी ओरडली की हेडमास्तर टॉवेलवरच गॅलरीत आले.

स्टेशनवर दोघं वीस मिनिटं आधीच हजर! सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, कान देऊन आवाज ऐकला.

"छान झाली की! आता मीच शिकते चालवायला. उठा तिथून."

सासऱ्यांनी मदतीसाठी सुनेकडे पाहिलं. ती केव्हाच मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होती.