बांधाखालचं भांडण

एका जंगलात, बाळांनो, शेती होती. जंगलात शेती कशी, असं मध्येच विचारायचं नाही. त्या जंगलात सरकारी खातं होतं, अर्ज होते, शिक्के होते. मग शेतीनेच काय घोडं मारलं होतं?

तर तिथे मथुबाई साळिंदरीचं रताळ्याचं शेत होतं. शेजारी दंतोबा रानडुकराची ज्वारी. मध्ये बांध. आता बांध म्हटला की शेजारी तो कोरणारच. दंतोबा दरवर्षी वीतभर कोरायचा आणि बांध तेवढा अलीकडे सारायचा. असं होता होता मथुबाईच्या बारा ओळींच्या नऊ झाल्या. जाब विचारला तर म्हणायचा, "वहिनी, बांध आपला आपणच सरकतो. पावसाचा गुण आहे."

आणखी एक ओळ गेली तर हिवाळ्यात उपास घडणार, हे मथुबाईला कळत होतं. म्हणून यंदा तिने ठरवलं, आपणही कोरायचं.

एका सकाळी ती आपल्या बाजूने उकरायला लागली. दंतोबा पलीकडून आधीच लागला होता. उकरता उकरता दोघं समोरासमोर आली. आणि दोघांच्या बरोबर मध्ये दगड झालेले दोन सांगाडे निघाले.

सांगाडे कसले! बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. सगळे दात जागच्या जागी. एकाच्या शिंगात दुसऱ्याचं शिंग अडकलेलं. शेतात असते तर नांगराने केव्हाच चुरा केला असता. पण बांधाखाली नांगर कधी गेलाच नव्हता.

बातमी कळताच खात्याचा साहेब आला. तो बगळा होता. एका पायावर उभा राहून त्याने तासभर निरीक्षण केलं. मग सांगितलं, की हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. दोघांची जागेवरून जुंपली असावी, तेवढ्यात पुराचा गाळ आला. बाकीचे पळाले. हे दोघे मात्र "आधी तू मागे हो" करत तिथेच राहिले.

ऐकून मथुबाईने उकरणं थांबवलं. वीतभर मातीपायी आपलीही हीच गत व्हायची, असं वाटून तिचे डोळे भरून आले. दंतोबालाही स्वतःची लाज वाटली. त्याने उभ्या उभ्या तीन ओळी परत केल्या. सांगाड्यांपुरती जागा सोडून दोघांनी उरलेला बांध मोडला, शेत एक केलं आणि साहेबांना सांगायला गेली. साहेब पाठ थोपटतील असं बिचाऱ्यांना वाटत होतं.

बगळ्याने वही उघडली. वहीत बांधाच्या अलीकडे एक मालक होता आणि पलीकडे एक. बांधच नाही म्हटल्यावर अलीकडे कोण आणि पलीकडे कोण? जिथे तंटा नाही तिथे मालक नाही, असं खातं धरत असे. बिनमालकीची जमीन खात्याकडे जमा होणार होती.

"पण साहेब, आम्ही भांडण मिटवलं," मथुबाई म्हणाली.

"उत्तम केलंत," बगळा म्हणाला. "आता शेत रिकामं करा."

मथुबाईच्या डोळ्यांपुढे बाराच्या बारा ओळी उभ्या राहिल्या. ती गर्रकन वळली, अंगावरचे सगळे काटे फुलवले आणि दंतोबावर ओरडली, "मेल्या, माझी जमीन गिळलीस. बांध होता तिथे घाल."

दंतोबा गांगरला. डुक्कर तसं मंद नसतं, पण चांगुलपणा अजून ताजा होता. मथुबाईने हळूच डोळा मारला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानेही सुळे परजले आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बगळ्याचा चेहरा खुलला. त्याने वहीत लिहिलं: तंटा चालू, मालक दोन.

तेव्हापासून लांबलांबून प्राणी जीवाश्म पाहायला येतात. खालचं भांडण पाहून झालं की थोडा वेळ वरचंही पाहतात. दुपारी बगळा जेवायला तळ्यावर जातो. मग मथुबाई दोन रताळी भाजते, एक स्वतःला आणि मोठं भावजींना.

तात्पर्य: गुण्यागोविंदाने नांदणाऱ्यांची जमीन खातं खातं. म्हणून मुलांनो, शेजाऱ्याशी गोडी टिकवायची असेल तर त्याच्याशी रोज वेळेवर भांडा, आणि साहेब पाहत असताना भांडण मुळीच मिटवू नका.