पाणी कँटीनमध्ये शिरलं

सॉफ्टवेअर निवडायचं काम हेरंब देवकुळेच्या गळ्यात पडलं ते त्याच्याच तोंडामुळे. वेलचेरीतल्या त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारती हेरंब बघायचा आणि बागा, झाडं, मोकळ्या जागा रंजनी बघायची. नकाशे काढायचं जुनं सॉफ्टवेअर दोघांनाही पुरेनासं झालं होतं. रंजनीच्या मनात एक नवं भरलं होतं. त्यात जमिनीचा चढउतार, झाडं आणि इमारत एकत्र दिसायची. हेरंबचं म्हणणं, आहे त्याचीच नवी आवृत्ती घ्या आणि मोकळे व्हा. मालक राममूर्ती राव तंजावरकडचे मराठी; कुणी आवाज चढवला की त्यांचंच डोकं दुखायचं. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, दोन्ही महिनाभर वापरून निकाल कोण देईल? आणि हेरंब म्हणून गेला, "मी देतो. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. पहिल्याच दिवशी त्याने नवं सॉफ्टवेअर उघडलं, एक नकाशा आत घेतला आणि माऊसचं चाक जरा फिरवलं. नकाशा आभाळात उडाल्यासारखा लांब लांब गेला, त्याचा ठिपका झाला आणि मग ठिपकाही दिसेना. हेरंबने बराच वेळ त्याला शोधलं. शेवटी त्याने इकडेतिकडे बघून सगळं बंद केलं आणि चहा प्यायला खाली उतरला.

विचारणार कुणाला? रंजनीला विचारावं तर सॉफ्टवेअर तिच्याच पसंतीचं. हाताखालच्या पोरांना विचारावं तर ती त्याला सर म्हणायची. सांगलीहून येऊन या शहरात त्याने नाव कमावलं होतं, त्याच्या हातचा नकाशा म्हणजे ठेकेदारही निर्धास्त असायचे. अशा माणसाने 'माझा नकाशा हरवला' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मधे एकदा रंजनीने आपणहून विचारलं, सोबत बसू का म्हणून. तो म्हणाला, "अगं, माझं सगळं बघून झालंय."

महिना संपला तेव्हा मत तर द्यायला हवं होतं. हेरंबने सगळ्यांसमोर सांगितलं की नव्या सॉफ्टवेअरला उताराचा हिशेब जमत नाही, पाणी कुठून कुठे जाईल ते त्याला कळत नाही. वेलचेरीत बसून एखाद्या गोष्टीबद्दल एवढं म्हटलं की ती गोष्ट संपलीच, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पावसाळ्यात तिथल्या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. रंजनीचा चेहरा उतरला. कुठल्या जागेवर तपासलं, असं तिने हळूच विचारलं. "इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यावर," हेरंब म्हणाला. अजून बांधायच्या असलेल्या त्या कारखान्याचा नकाशा त्याने स्वतः काढला होता, म्हणून तोच तोंडात आला.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण राममूर्ती राव सरळमार्गी माणूस. विकणाऱ्याला फोनवर नाही म्हणणं त्यांना बरं वाटेना. बोलावून त्याचा दोष त्याला दाखवावा, म्हणजे तोही सुधारेल, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवशी साइटवर निघून जायचा हेरंबचा बेत होता, पण नेमका त्याच दिवशी त्या कारखान्याचा मालक श्रीहरी येणार होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा हा माणूस काम यांना द्यावं की दुसऱ्या एका ऑफिसला, या विचारात होता. तो वेळेआधीच आला. राममूर्ती रावांनी त्याच्या हातात फिल्टर कॉफी दिली आणि थेट मीटिंगच्या खोलीतच बसवलं. आमचे हेरंब एकेक वस्तू कशी पारखून घेतात ते बघा, असं वर सांगितलं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा सुब्बा अतिशय नम्र होता, आणि तेच वाईट होतं. त्याने वाद घातला नाही. त्याने कारखान्याचा नकाशा, जमिनीच्या पातळ्यांसकट, सॉफ्टवेअरमध्ये घेतला, खुर्ची मागे ओढली आणि माऊस हेरंबपुढे सरकवला. "सर, कुठं अडलं ते एकदा तुमच्या हातानं दाखवा."

मोठ्या पडद्यावर कारखाना दिसत होता. मागे राममूर्ती राव, श्रीहरी आणि रंजनी. हेरंबने कसलंसं बटण दाबलं आणि कारखान्याच्या छपरावर नारळाची झाडं उगवली. तो म्हणाला की हे मुद्दाम करून बघितलं. झाडं काढायला गेला तर कुंपणाची भिंत गेली. सुब्बा खालच्या आवाजात 'सर, डावीकडचं' असं सुचवत होता आणि हेरंब दर वेळी 'माहीत आहे' म्हणत होता. त्याची मान घामाने ओली झाली होती. आता ही मशीन बंद पडावी, वीज जावी, काहीही व्हावं, असं त्याला मनापासून वाटलं. वीज गेली नाही. सुब्बाने दाखवलेलं पावसाचं बटण त्याने दाबलं.

पडद्यावर पाऊस पडायला लागला. निळं पाणी छपरावरून उतरलं, रस्त्याला लागलं, गटाराकडे निघालं आणि गटार सोडून वळलं. मग सावकाश, अगदी घरच्यासारखं, ते कँटीनच्या दारातून आत शिरलं आणि टेबलांच्या पायांपर्यंत चढलं.

"बघा," हेरंब म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "मी म्हणत होतो ना? उतार चुकतोय."

रंजनीने पातळ्यांचा कागद टेबलावर पसरला. तिचं बोट कँटीनच्या जमिनीवरून मागच्या रस्त्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. हेरंबने वाकून पाहिलं. कँटीन रस्त्यापेक्षा खाली होतं. पुढच्या फाटकाची पातळी त्याने घाईत मागच्या कँटीनच्या जमिनीलाही तशीच लिहून टाकली होती. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. खोलीत फक्त पडद्यावरच्या पावसाचा आवाज येत होता. तोही त्या सॉफ्टवेअरमध्ये होता.

श्रीहरी उठला. काम गेलं, हे हेरंबला कळून चुकलं. पण श्रीहरीने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. तो तमिळमध्ये सांगू लागला, की गुम्मिडिपूंडीच्या त्याच्या जुन्या कारखान्यात दर पावसाळ्यात पाणी भरतं आणि तिथला आर्किटेक्ट अजून गटार तुंबलंय एवढंच सांगतो. आपली चूक बांधायच्या आधी, तीही गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या हाताने उघडी करणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. काम तुमचंच, तो म्हणाला.

राममूर्ती रावांचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्हीं सॉफ्टवेअरला नांवें ठेवलीं तीं परीक्षा बघायला? सरी, बरें, मग घ्यावें कोणतें?"

खरं सांगायची वेळ हीच होती. हेरंबने तोंड उघडलंही. "हेच," एवढंच त्यातून निघालं. सुब्बाने वाकून नमस्कार केला. रंजनीने हेरंबकडे एकदा पाहिलं आणि कागदाची घडी घालू लागली. त्या एका नजरेपुढे छपरावरचे नारळ बरे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येणारा जाणारा त्याचं कौतुक करत होता. जेवायच्या सुट्टीत सगळे मेसमध्ये गेले तेव्हा हेरंब डबा न उघडताच रंजनीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"रंजनी, मी ते वापरलंच नव्हतं. मला येत नाही."

"माहीत आहे, सर."

"कधीपासून?"

"झाडं छपरावर आली तेव्हापासून." ती हसली नाही. "तुम्हाला येत नाही त्याचं काही वाटलं नाही मला. पण तुम्ही त्यालाच खोटं पाडलंत. ते इथे यावं म्हणून मी वर्षभर त्याच्यामागे होते."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "रावांना मीच सांगतो."

"सांगा. पण आधी कँटीन वर घ्या," म्हणत तिने शेजारची खुर्ची ओढली. "तुमच्याच हातानं."

तो बसला. पहिल्याच झटक्यात कारखाना उडाला; तिने तो परत कसा आणायचा ते दाखवलं. कँटीन वर यायला लागलं तोच दार किलकिलं झालं. राममूर्ती राव आत आले. हेरंब ताडकन उठला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

राममूर्ती रावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मागे वळून दाराला कडी लावली, कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली आणि दोघांच्या मधे ठेवली.

"जुनें सॉफ्टवेअर तरी मला कुठें येत होतें?" ते खिशातून चष्मा काढत म्हणाले. "हेरंब, थोडे सरका. मला दिसत नाही."