बापूजींची दोनरंगी जास्वंद

बापूजी एक पाय चिखलात आणि दुसरा वाफ्याच्या विटेवर ठेवून फुलाचा फोटो काढत होते, तेव्हा कौसल्याबाईंनी चहा पुन्हा गरम करून आणला. फोटो मनासारखा आल्याशिवाय बापूजी चहाला हात लावत नसत, आणि फोटो मनासारखा येणं काही सोपं नव्हतं. शेवटी एकदाचा तो आला. त्यांनी तो 'फुलवेडे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली 'आजची कौसल्याप्रभा' असं लिहिलं आणि ओट्यावर वाट पाहत बसले. वाट फार पाहावी लागत नसे. 'अप्रतिम', 'वा बापूजी वा', 'डोळे निवले', जोडलेले हात, टाळ्या, आणखी टाळ्या. डोळ्यांबरोबर चहाही निवला.

बापूजींची सगळी नोकरी नागपूरला एका सरकारी कचेरीत पंख्याखाली गेली. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेराजवळ म्हणून दिग्रसला घर बांधलं. मुलं बंगलोरला, ओळखीचं कोणी नाही, दिवस खायला उठायचा. मग फुलझाडांचा नाद लागला आणि नादातून ग्रुप. आता तो ग्रुप म्हणजेच त्यांचं गाव होतं, तो मोडला तर हा माणूस पुन्हा ओट्यावर एकटाच बसला असता.

आणि ग्रुप मोडतात हे त्यांनी पाहिलं होतं. याच मंडळींचा आधी एक 'बागबगीचा' नावाचा ग्रुप होता. त्यात कोणीतरी प्रेमसिंगच्या गुलाबाला बोरीचं झाड म्हटलं, प्रेमसिंगनं त्या माणसाचा बाप काढला, आणि दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद केलं. बापूजींना इतका धक्का बसला की नव्या ग्रुपला त्यांनी एकच नियम घातला: दुसऱ्याच्या झाडाबद्दल चांगलं लिहा, नाहीतर नुसते हात जोडा. हिरासिंगनं एकदा इंदुताईंच्या मोगऱ्याखाली 'पाणी जास्त होऊन राह्यलं' एवढंच लिहिलं, तर बापूजींनी त्याला चहा संपायच्या आत ग्रुपबाहेर काढलं. तो माफी मागून परत आला. तेव्हापासून ग्रुपवर वाकडा शब्द नाही. भेटेल त्याला बापूजी सांगत, "एवढे सभ्य लोक तुम्हाले कुठं भेटणार नाही. भांडण कशाले म्हणते, तेच विसरले."

त्या सभ्य ग्रुपचा जीव की प्राण म्हणजे ही कौसल्याप्रभा. कंपाउंडच्या भिंतीशी ते रोप आपोआप उगवलं. बाहेरच्या रस्त्यानं कापूस भरून जिनिंगच्या गाड्या जात, पण बापूजींचं लक्ष गाड्यांकडे कशाला असणार. रोप वाढलं, त्याला पिवळसर फूल आलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालं. बापूजी हरखले. दोनरंगी जास्वंद! गुलाबी झालेलं फूल ते रोज देवाला वाहत, त्यामुळे झाडावर फुलापुढचं काही कधी दिसलंच नाही. पहिल्याच दिवशी कौसल्याबाई म्हणाल्या होत्या, "अहो, हे त..." तर बापूजींनी हात वर केला. "सूचना नको. आवडलं का सांग." पुढं त्यांनी झाडाला बायकोचंच नाव दिलं. त्यानंतर ती बिचारी काय बोलणार?

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्या जिल्ह्याची कपाशी पोखरली होती. बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. संक्रांतीनंतर कृषी विभागाची मोहीम निघाली: शेतात उभी कपाशी ठेवू नका, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड न् झाड, उपटा, नाहीतर अळी पुढच्या वर्षाला दबा धरून बसते. सभेला जागा हवी होती. बापूजींनी ग्रुपवर जाहीर केलं, 'सभा आमच्या अंगणात. शेतकरी बांधव दुःखात आहेत. त्यांनी थोडा वेळ कौसल्याप्रभेकडे पाहावे, मन हलके होईल.'

ग्रुप पहिल्यांदाच गप्प झाला. मग एकेकाचा फोन येऊ लागला.

"बापूजी, माह्या घरची जागा मोठी हाये," इंदुताई म्हणाल्या.

"मंदिरात घ्या ना सभा, सतरंज्या मी देतो," प्रेमसिंग म्हणाला.

हिरासिंग तर घरीच आला. झाडाकडे पाहत, मान खाजवत उभा राहिला. "बापूजी, त्या दिवशी झाडावर चादर टाकून देऊ का? नजर लागते."

बापूजींना भरून आलं. फोन खिशात ठेवत ते बायकोला म्हणाले, "पाहिलं का किती जीव लावते लोक? झाडाले नजर लागू नये म्हणून धडपडून राह्यले." कौसल्याबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

सभेच्या दिवशी बापूजींनी झाडाला झिरमिळ्या बांधल्या, समोर नावाची पाटी लावली आणि मधोमध कृषी विभागाच्या साहेबांची खुर्ची ठेवली. अंगण भरलं. पुढं शेतकरी, मागं भिंतीला टेकून ग्रुपची सगळी मंडळी, सुतकाला आल्यासारखी. आर्णीच्या साधनाताई तेवढ्या येऊ शकल्या नव्हत्या.

साहेब बोलायला उठले. "शेतकरी बंधूंनो, आजपासून तुमच्या धुऱ्यावर, बांधावर, अंगणात कपाशीचं एकही झाड..." एवढं म्हणून त्यांनी हात लांब केला तो झिरमिळीला लागला. त्यांनी वळून पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं.

शेवटी पुढं बसलेला उकंडा नावाचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, हे त पऱ्हाटी हाये."

"जास्वंद आहे," बापूजी म्हणाले.

"पऱ्हाटी हाये जी. माहा जलम गेला तिच्यात."

बापूजी हसले आणि भिंतीकडे वळले. "सांगा हो इंदुताई, काय आहे हे?" इंदुताईंनी हात जोडले. "प्रेमसिंग?" प्रेमसिंगनंही हात जोडले. हिरासिंग आधीच हात जोडून उभा होता. ग्रुपवर जे हात पाहून बापूजींचा दिवस गोड व्हायचा, तेच हात आता भिंतीच्या कडेनं ओळीनं उभे होते.

साहेबांनी एक मिटलेली कळी तोडली. गुलाबाच्या कळीसारखी दिसते म्हणून बापूजींनी तिचा आदल्याच दिवशी फोटो टाकला होता आणि त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला होता. साहेबांनी ती नखानं उकलली. आत अळी वळवळत होती. साऱ्या तालुक्याला नागवणारी अळी दिग्रसात झिरमिळ्या लावून नांदत होती. उकंडा आणि आणखी दोघांनी झाड मुळासकट उपटलं. बापूजी पाहत राहिले.

मग त्यांचा आवाज फुटला. "एवढे लोक, आणि एकालेही सांगावंसं वाटलं नाही? रोज अप्रतिम, रोज अप्रतिम. हसत होते माह्यावर?"

कोणी उत्तर देण्याच्या आत भिंतीपाशी एकदम टुंग असा आवाज झाला. इंदुताईंच्या पर्समध्ये, प्रेमसिंगच्या खिशात, हिरासिंगच्या हातात, आणि खुर्चीवर पडलेल्या कौसल्याबाईंच्या फोनमध्येही. सगळ्यांचे फोन एका वेळी वाजले. बापूजींचा वाजला नाही.

त्यांनी खुर्चीवरचा फोन उचलला. ग्रुपचं नाव होतं 'फुलवेडे खरं खरं'. साधनाताईंचा निरोप होता, 'काय झालं वो? उपटला का बापूजीचा कापूस?' ॲडमिन म्हणून एकच नाव दिसत होतं. कौसल्या.

बापूजी फोन हातात घेऊन ओट्यावर बसले. साहेबांनी सभा आवरती घेतली, शेतकरी उठून गेले, तरी ते तसेच बसून होते.

"तू?" एवढंच ते म्हणाले.

"मंग काय करू?" कौसल्याबाई शेजारी बसल्या. "तुमच्या ग्रुपात कोणालेच बोलता येत नाही. कोणाच्या झाडाले कीड लागली, कोणाचं पाणी चुकलं, इचारावं कोणाले? तुम्हाले वाटते आमच्यात भांडणंच नाही. सारे भांडणं इकडं होते. मोगऱ्यावरून इंदुताईचं अन् हिरासिंगचं इतकं पेटलं का मले मध्ये पडा लागलं. अन् दुसऱ्या दिवशी त्यानंच तिच्या घरी जाऊन कुंडी बदलून देली."

"अन् माह्याबद्दल?"

"वाचा ना तुम्हीच."

बापूजींनी वाचायला घेतलं. कान तापले. 'कापूस आज फुलला', 'आज नाव देलं म्हणते कापसाले', 'आता आरती करतीन'. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं, रांगेनं. मग खाली इंदुताईंचं एक वाक्य: 'हसा, पण त्याईले कोणी सांगू नका. तो माणूस त्या झाडासाठी सकाळी उठते. न्हाई त इथं राहाले आल्या आल्या कसा बसून राहे ओट्यावर, पाहिलं न सगळ्याईनं.' त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. प्रेमसिंगचेसुद्धा.

राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, "मले बी घे याच्यात. मले बी लोकाईच्या झाडाले नावं ठेवाची हायेत. त्या प्रेमसिंगचा गुलाब खरंच बोरीसारखा दिसते."

कौसल्याबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मंडळींनी जड माना हलवल्या. कौसल्याबाईंनी बापूजींचं नाव ग्रुपात घातलं.

दुसऱ्या दिवशी बापूजी उजाडताच उठले. झाड नव्हतं, पण हुरूप होता. ओट्यावर बसून त्यांनी 'खरं खरं' उघडला आणि प्रेमसिंगच्या गुलाबाखाली मनापासून लिहिलं, 'छाटणी चुकली आहे.' आणि वाट पाहू लागले. आता काय बोलणी खावी लागतील या विचारानंच त्यांना तरतरी आली होती.

प्रेमसिंगचं उत्तर आलं, 'वा बापूजी वा. काय नजर आहे.' मग इंदुताईंचं, 'अप्रतिम सूचना.' मग हिरासिंगच्या टाळ्या. मग साधनाताईंचे जोडलेले हात. मग आणखी हात.

बापूजींनी हळूच मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात कौसल्याबाई फोनमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. बापूजींचा फोन आता वाजत नव्हता, कौसल्याबाईंचा मात्र टुंग टुंग वाजत होता, थांबायचं नाव घेत नव्हता, आणि पदर तोंडात कोंबूनही त्यांचं हसू मावत नव्हतं.