उंदराच्या औषधवाल्याला दाखवलेली वाट

माणूस कोपऱ्यावरून वळला की तो कोण, कुठला आणि कशासाठी आलाय, हे मी बसल्या जागी सांगते. देवाची देणगी, मी गर्व करत नाही. पण आमच्या गल्लीत तरी अशी दुसरी कुणी नाही!

त्या सकाळी मी विधवेच्या काळ्या कपड्यांत, मक्याच्या पिठाची परात घेऊन दारात उभी. मारियामातेची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होती आणि दुपारच्या घंटेपर्यंत शब्द काढायचा नाही, हे माझं व्रत. मातेच्या मूर्तीला नवा झगा चढवायचा मान यंदा मला मिळावा, एवढंच मागणं. मान कुणाला ते नवे फादर ठरवणार होते, आणि ते स्पेनहून आज-उद्या येणार होते.

तेवढ्यात एक घामाघूम माणूस आला. चुरगळलेला शर्ट, हातात पत्र्याची पेटी. उंदराचं औषध विकणारा, दुसरं कोण! चर्चची किल्ली कुणाकडे असते, विचारत होता. म्हणजे देवाच्या घरातही माल खपवायचा बेत. म्हटलं, याला गल्लीच्या टोकाच्या एर्मेलिंडाकडे धाडावं. तिच्या माजघरात उंदरांच्या पिढ्या नांदतात.

हात परातीत, तोंड व्रतात. मग निकाराग्वात कुणीही करील तेच केलं. ओठ पुढे काढून तिच्या घराची दिशा दाखवली. तो नुसता बघत राहिला. घर लांब, म्हणून ओठही आणखी लांब काढले. तो टोमॅटोसारखा लाल!

"बाई, मी देवाचा माणूस आहे हो."

औषधवाले हल्ली काहीही सांगतात. मी डोळे मिटले, कासवासारखी मान ताणली आणि ओठ जातील तितके पुढे नेले. पेटी छातीशी धरून तो धावत सुटला. दिशा मात्र बरोबर पकडली.

संध्याकाळी मिस्सेला वेदीवर तोच! प्रवचनाचा विषय, विधवांची चंचल मनं. नंतर चर्चच्या कमिटीपुढे फादर इनिगोंनी झग्याचा मान एर्मेलिंडाला दिला. तिनं म्हणे त्यांना दारातून आत घेऊन पोटभर खाऊ घातलं होतं.

चर्चची देखभाल करणारे म्हातारे सॅक्रिस्तान ट्रान्सितो पुटपुटले, की हा मान कासिल्दाचा हवा होता. फादरनी विचारलं, "कासिल्दा कोण?"

सगळ्या कमिटीनं माझ्या दिशेला ओठ काढले. ट्रान्सितोंनी तर दात नसलेले, ऐंशी वर्षांचे ओठ!

फादरनी खुर्ची घट्ट धरली. मग कुणीतरी समजावलं, तेव्हा डोळ्यांत पाणी येईतो हसले. "माफ करा, कासिल्दाबाई. परक्या बाईबद्दल किती चटकन वाईट मनात आलं माझ्या."

मी उदारपणे मान हलवली. त्यांना मी काय समजले होते, ते काही त्यांनी विचारलं नाही. मग हळूच म्हटलं, "आणि झगा, फादर?"

"आता कसा परत मागू? त्यांच्या हातचे, केळीच्या पानात उकडलेले दोन नाकातामाल खाऊन बसलोय."

एर्मेलिंडानं चढवलेला झगा डाव्या खांद्यावरून घसरतोय. मी रोज जपमाळ झाली की मातेची क्षमा मागते, आणि अजून थोडा घसरू दे म्हणते.