लेकरांच्या मापाचं दार

सरपंच सर्जेरावांनी नव्या अंगणवाडीची किल्ली करदोट्याला अडकवली होती आणि त्यामुळे अंगणवाडीच्या दैवशालाबाईंचं डोकं रोज सकाळपासूनच तडतडायचं. इमारत कधीची बांधून तयार होती. पण उद्घाटनाला कुणी बडा पुढारी यायचा होता आणि तो काही यायचं नाव घेत नव्हता. तोवर लेकरांनी जुन्या पत्र्याच्या खोलीत भाजून निघायचं! त्यात एप्रिलचं ऊन. परवा रजियाच्या मारियाचा उन्हाने घोळणा फुटला, नाकातून खिचडीच्या ताटलीत रक्ताचे थेंब पडले. तेव्हापासून बाईंना सरपंचाचं नुसतं नाव काढलं तरी चालत नव्हतं.

नवी इमारत मात्र माठासारखी गार होती. जालन्याच्या साजिया मॅडमनी ती आखली होती. मातीच्या जाड भिंती, मागच्या भिंतीला खाली विटांची जाळी आणि वर छपरात झरोके. जाळीतून गार वारा आत यायचा, गरम हवा झरोक्यातून निघून जायची. पंख्याची गरजच नाही. खिडक्या, कड्या, संडास, सगळं लेकरांच्या मापाचं. पुढचं दारसुद्धा. मोठ्या माणसांसाठी मागे, जाळीच्या शेजारी एक उंच दार होतं. पुढच्या बुटक्या दारावरून बाई साजियाशी कडाकडा भांडल्या होत्या.

"मॅडम, म्या काय दिवसभर वाकूनच मरायचं का?"

"इमारत लेकरांची आहे, बाई. आपण तिथे पाहुणे," साजिया शांतपणे म्हणाली होती. बाईंनी मनातल्या मनात तिचा उद्धार केला होता.

उद्घाटन नाही म्हणून लेकरांना बंदी, पण सरपंच आणि त्यांची मित्रमंडळी दुपारी त्याच गारव्यात खुशाल घोरत पडायची. एवढ्यात सरपंचाच्या मुलीचं लग्न निघालं.

"वऱ्हाडाचा जानवसा नव्या अंगणवाडीत," सर्जेरावांनी फर्मान काढलं. "पाव्हणे गारेगार राहतील."

"आन् उद्घाटन?" बाईंनी विचारलं.

"ते लेकरांसाठी. पाव्हण्यांना कशाला लागतंय उद्घाटन?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर लग्नाच्या दिवशी त्यांनाच पाहुण्यांना पाणी द्यायला लावलं. लेकरं पत्र्याखाली मदतनीस साळूबाईंच्या हवाली करून त्या आल्या, तर वऱ्हाड मागच्या दाराने आत जाऊन लवंडलेलं आणि कचरू आचाऱ्याने सावली बघून भट्टी मांडलेली, नेमकी मागच्या उंच दाराला आडवी आणि जाळीच्या तोंडाशी.

"कचरूभाऊ, भट्टी हलवा. ही जाळी वारा आत ओढून राह्यली. सारा धूर पाव्हण्यांच्या नाकात जाईल."

"सरपंचाला इचारा."

सरपंच घाईत होते. "बाई, भिंत कुठं वारा ओढती का? तुमी लेकरांना गाणी शिकवा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कमरेवर हात ठेवून बाजूला उभ्या राहिल्या.

कचरूने कढत तेलात लाल मिरची सोडली. इमारतीने आपलं काम इमानेइतबारे केलं. ठसका जाळीतून आत शिरला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून राहिला. वऱ्हाडी खोकत, शिंकत, डोळे चोळत उठले. मागच्या दाराला भट्टी, म्हणून सगळे पुढच्या दाराकडे धावले. सर्वांत पुढे नवरदेवाचे वडील रखमाजी, सहा फुटी, डोक्यावर गुलाबी फेटा.

धाड!

फेटा घरंगळत अंगणात आला. मागून चुलते आले, धाड! मामा, धाड! खाली वाकून बाहेर यायला कोणी तयार नव्हतं, कारण मुलीवाल्यांच्या दारात वाकायची वरपक्षाला सवयच नव्हती. एकेक जण टेंगूळ घेऊनच बाहेर पडला आणि शेवटी वाकडं बाशिंग घेऊन नवरदेव रडत बाहेर आला.

"सोयरे बोलावले का घुशी?" कपाळावरचं टेंगूळ दाबत रखमाजी कडाडले. "माझा फेटा मातीत पाडला! दुसरी जागा द्या, न्हाईतर आमी चाललो वापस!"

मांडवातली हलगी थांबली. सर्जेरावांचं तोंड उतरलं. शाळेत जेवणाच्या पंगती मांडलेल्या, घरात बायका मावत नव्हत्या. राहिली पत्र्याची खोली. तिचं दार उंच होतं.

"बाई, जल्दी लेकरं काढा तिथून!"

"कुठं नेऊ?"

"न्या त्या खुराड्यात! माणसाच्या लायकच न्हाई ते! ही घ्या किल्ली!"

बाईंनी आधी भट्टी हलवून घेतली, झरोक्यातून धूर जाऊ दिला आणि मग रांगेने लेकरं आणली. एकाचंही डोकं चौकटीला लागलं नाही. मारिया थेट जाळीजवळ जाऊन गार फरशीवर लवंडली. तिकडे पत्र्याखाली फेटे घामाने निथळत होते. लग्न उशिरा लागलं, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेराव उशी घेऊन हजर झाले.

"किल्ली द्या, बाई. उद्घाटन व्हायचंय अजून."

"झालं की काल! इतकी डोकी फुटली चौकटीवर, आता नारळ कशाला पाह्यजे?" बाई दारातच उभ्या राहिल्या. "मागल्या दाराला आतून कडी हाय. आत यायचं असंल तर इथून या. पर वाका."

सर्जेरावांनी चौकटीकडे पाहिलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि उशी काखेत मारून ते परत फिरले.

बाईंनी लगेच साजियाला फोन लावला. राग अजून उतरला नव्हता.

"मॅडम, दार चुकलं तुमचं."

"फार वाकावं लागतंय का?" साजियाने घाबरत विचारलं.

"न्हाई," बाई फणकारल्या. "अजून चार बोटं खाली पाह्यजे होतं."