वीतभर मागे

खटल्याच्या तिसऱ्या तारखेला गाडी फितूर झाली.

ती कोर्टाच्या दारातून आत मावत नव्हती, म्हणून न्यायाधीश मॅडमनी टेबल-खुर्ची आणि दोन बाकं बाहेर कडुनिंबाखाली मांडायला लावली होती. शपथ घेताना गाडीने रीतसर दिवे मंद केले. रस्ता सांगायचा तिचा जो मंजूळ आवाज, त्याच आवाजात ती म्हणाली, "मी, राहणार आबासाहेब मोहोळकरांचा बंगला, वय सहा, धंदा वाहतूक. रणधीर मालक माझ्या स्टिअरिंगमागे कधीच बसले नाहीत. त्या दिवशी भिवसेन ढोणे मला चालवत होता."

मागच्या बाकावर बसलेल्या भिवसेन ड्रायव्हरच्या हातातला डबा निसटला.

आठवडी बाजाराच्या दिवशी, भरदुपारी, या गाडीने एका सायकलवाल्याचा पाय मोडला होता. तो तोंडावर पडला, त्यामुळे चालवणारा त्याला दिसला नाही. गाव सगळं बाजारात, रस्त्यावर दुसरं कोणी पाहणारं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी पोलिसांना दिलेल्या जबाबात गाडीने सगळं घडाघडा सांगितलं होतं: वेग ब्याण्णव, ब्रेक दाबला नाही, सीटवरचं वजन शहाण्णव किलो. भिवसेन भिजला तरी बावन्नच्या वर जात नाही. तेव्हा आरोपी म्हणून आबासाहेबांचा मुलगा रणधीर उभा राहिला, आणि आपल्याकडे लायसनच नाही, आपण जन्मात गाडी चालवलेली नाही, असं त्याने लिहून दिलं. मग गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि चार नवे टायर घालून परत आली.

सरकारी वकील चावरे यांनी जुना जबाब पुढे धरला. "मग हे शहाण्णव किलो?"

"तसं मी पोलिसांना सांगितलं नाही. त्यांनी तसं का लिहिलं, याचं कारण मी सांगू शकत नाही."

चावऱ्यांनी सुस्कारा सोडला. हे वाक्य त्यांनी आजवर सख्ख्या भावांच्या तोंडून ऐकलं होतं. गाडीच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

भिवसेनला राहवेना. सहा वर्षं स्वतःच्या चहाआधी त्याने हिला आंघोळ घातली होती. काच पुसताना ओरखडा नको म्हणून अंगठी काढून ठेवायचा. आता हिच्या एका वाक्यावर तो तुरुंगात जाणार होता. त्याला रडूच आलं.

"अगं बाये, माझ्याकडं बघून बोल की!"

गाडीने आरसे मिटून घेतले.

"साक्षीदारावर दडपण आणू नका," मॅडम म्हणाल्या. "आरोपीने साक्षीदारासमोर यावं. ओळख नोंदवायची आहे."

रणधीर ऐटीत उठला. किल्ली त्याच्या खिशातच होती. तो दाराशी पोचला मात्र, आणि चालकाची सीट आपणहून वीतभर मागे सरकली. आरसे उघडले आणि त्याच्या उंचीला लागले. एसी अठरावर आला.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

गाडीने दिवे मंद केले. मग म्हणाली, "सवय आहे, मॅडम."

कारकुनाने 'सवय' असं लिहून घेतलं. शब्द तीन अक्षरी, पण रणधीरला दोन वर्षं पुरला. खोट्या साक्षीबद्दल गाडीला तीन महिने झाले, तेही पोलीस ठाण्याच्या आवारात, विटांवर. नवे टायर मुद्देमाल म्हणून जमा झाले. भिवसेनच्या केसाला धक्का लागला नाही. नोकरी तेवढी गेली.

दर गुरुवारी भेटीच्या वेळेत तो बादली आणि फडकं घेऊन ठाण्यात जातो. पहिल्या गुरुवारी तो नुसती काच पुसत राहिला. मग आतून पुसावं म्हणून त्याने दार उघडलं, तर सीट सरसर पुढे आली, बरोबर त्याचे पाय पोचतील इतकी.

पहाऱ्यावरच्या हवालदार सुरवसे बाईंनी हातातली वही खाली ठेवली. "किल्ली तर मुद्देमालात बंद आहे. मग सीट कशी काय सरकली?"

भिवसेनने फडकं पिळलं.

"सवय हाय, मॅडम," तो म्हणाला.