सासूबाईंचा मूळ रंग

प्रिंटरमधून बाहेर आलेल्या सासूबाई हिरव्या होत्या. मोरपंखी स्वेटरमध्ये थोडं हिरवं चाललं असतं. पण स्वेटर जांभळा आला होता आणि हिरवा होता तो चेहरा.

"अहो, आईला शेवाळ धरलंय," बायको म्हणाली.

जावई वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले काटे त्यांना पाहून शहाण्यासारखे वागत. सासूबाईंच्या दिवाणखान्यात एकच खिळा रिकामा होता आणि साडू त्यावर डोळा ठेवून होते. आज संध्याकाळी सासूबाई घरी परतायच्या होत्या. त्यांच्याबरोबर आपण काढलेला, आपणच छापलेला फोटो जायलाच हवा, असा जावयांनी पण केला होता.

कालच काढलेला तो फोटो स्क्रीनवर झकास दिसत होता. पण दुकानदाराचं माप त्याच्याच शब्दावर खरं मानतील तर ते निरीक्षक कसले? ताडून पाहायला मूळ नमुना हवा. मूळ नमुना स्वयंपाकघरात चहा घेत होता. त्याला कालचा स्वेटर चढवून खिडकीशी बसवण्यात आलं.

शाईच्या नळ्या साफ झाल्या. सासूबाई लाल आल्या, कुणाशी तरी भांडून आल्यासारख्या. मग कागद उलटा घातल्याचं लक्षात आलं. मग स्क्रीनचा उजेड उतरवला. दर वेळी नवा फोटो सासूबाईंच्या गालाशी धरून जावई मान हलवत आणि परत आत जात. तोंड धुवायचं नाही, कारण नमुना बदलतो. अन्न पोटात गेलं की चेहऱ्यावर तरतरी येते, म्हणून जेवणही पुढे ढकललं. स्वेटरमध्ये उकडतंय, ही तक्रार नोंदीच्या लायकीची ठरली नाही.

उन्हं कलली तेव्हा रंग जुळला. गालाशी धरलेला कागद कुठे संपतो आणि सासूबाई कुठे सुरू होतात, सांगता येईना.

बायकोने दोघींना न्याहाळलं. "अहो, काल आई अशी पिवळी कुठे होती? दिवसभर उपाशी बसवलंत तिला. हा रंग आजचा आहे."

निरीक्षकांनी निकाल दिला. "नमुन्यात घट आली असेल. छपाईत चूक नाही."

सासूबाईंनी फोटो हातात घेतला. "ही कोण बाई? त्यापेक्षा माझा खिळा रिकामा बरा."

"तूच आहेस, आई," बायको हळूच म्हणाली. "आरशात बघ."

सासूबाई फोटो घेऊन आरशापुढे उभ्या राहिल्या. एकदा फोटो पाहिला, एकदा आरसा. पुन्हा फोटो. मग मान न वळवता त्यांनी मुलीला विचारलं,

"अगं, हा आरसाही जावईबापूंनीच आणलाय का?"

जावई उठले. तक्रार आली की तपासणी आलीच. त्यांनी पेचकस घेतला आणि भिंतीवरून आरसा उतरवायला सुरुवात केली.